ख्रिस्ती प्रार्थनेतील 'आम्ही' : दुसऱ्यासाठी मागण्याची परंपरा

ख्रिस्ती धर्मातील सर्वांत परिचित प्रार्थना म्हणजे 'प्रभूची प्रार्थना'. येशूने ती स्वतः शिष्यांना शिकवली, असे शुभवर्तमाने सांगतात. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स असे पंथभेद असूनही ही प्रार्थना जवळपास सर्वत्र म्हटली जाते. तिचे एक वैशिष्ट्य मात्र रोज म्हणणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. या प्रार्थनेत 'मी' आणि 'माझे' हे शब्द एकदाही येत नाहीत. पिता आमचा, रोजची भाकर आमची, क्षमा मागायची तीही आमच्या अपराधांची. प्रार्थना करणारा घरात एकटा असला तरी हे अनेकवचन कायम राहते. मत्तयाच्या शुभवर्तमानात या प्रार्थनेच्या जरा आधी येशूची वेगळीच सूचना आहे. प्रार्थना करायची असेल तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे कर, असे तो सांगतो. दार बंद करायचे, पण मागायचे मात्र सर्वांसाठी, असा हा दुहेरी दंडक आहे.

प्रार्थनेचे स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती आणि याचना असे प्रकार मानले जातात. याचनेतही स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यासाठी मागणे असा फरक केला जातो. दुसऱ्यासाठी मागण्याला मराठी ख्रिस्ती समाजात 'मध्यस्थीची प्रार्थना' असे नाव आहे. स्वतःसाठी मागणे ख्रिस्ती धर्माने कधीच निषिद्ध मानलेले नाही. रोजची भाकर मागावी, असे खुद्द येशूनेच शिकवले. तथापि मागणाऱ्याचा हेतू काय, मागितलेले मिळाले तर त्याचा उपयोग कोणाला आणि मागणारा स्वतःजवळचे काय द्यायला तयार आहे, हे प्रश्न या परंपरेने प्रार्थनेला पुन्हापुन्हा विचारले आहेत. या प्रश्नांनी प्रार्थना करणाऱ्यांना अनेकदा अडचणीतही आणले आहे.

<b>अब्राहामची घासाघीस</b>

दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा बायबलमधील पहिला ठळक प्रसंग उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात आढळतो. सदोम नगराचा नाश होणार असल्याचे कळताच अब्राहाम परमेश्वराशी चक्क घासाघीस करू लागतो. नगरात पन्नास नीतिमान माणसे असतील तर नगर वाचेल का, असा त्याचा पहिला प्रश्न. मग तो पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस असे करत दहापर्यंत खाली येतो. बाजारात शोभावी अशी ही बोलणी एका परक्या आणि दुर्लौकिक असलेल्या नगरासाठी चाललेली आहे. त्याच नगरात अब्राहामचा पुतण्या लोट राहत होता. परंतु या संपूर्ण संवादात अब्राहाम त्याचे नावही काढत नाही. 'माझ्या माणसाला वाचव' असे म्हणणे सोपे होते. त्याने सगळ्या नगरासाठी रदबदली केली. शेवटी दहा नीतिमान काही सापडले नाहीत, पण लोट वाचला.

मोशेची विनवणी याच्याही पुढची आहे. सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्या लोकांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव खोडून टाक, असे तो परमेश्वराला सांगतो. ईयोबाच्या कथेचा शेवटही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. संपत्ती, संतती, आरोग्य सारे गमावलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी धीर देण्याऐवजी दोषच दिला होता. तरी त्याचे दिवस पालटतात ते त्याने याच मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर, असे त्या ग्रंथात स्पष्ट नोंदवलेले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेला जोडूनच मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या मित्राचा दृष्टांत येतो. चिकाटी कशी असावी हे सांगण्यासाठी प्रवचनांतून त्याचा वापर वारंवार होतो. मात्र हा मनुष्य शेजाऱ्याकडे ज्या तीन भाकरी मागतो, त्या त्याला स्वतःला नको आहेत. घरी अवेळी पाहुणा आला आहे आणि त्याच्यापुढे वाढायला काही नाही, म्हणून तो आला आहे. ज्या समाजात दारी आलेला अतिथी उपाशी जाऊ नये असा शिरस्ता आहे, तेथे हा तपशील लवकर उमगावा.

नव्या करारातील याकोबाचे पत्र या बाबतीत सर्वांत परखड आहे. तुम्ही मागता पण तुम्हाला मिळत नाही, कारण स्वतःच्या चैनीवर उधळावे या हेतूने मागता, असे हे पत्र आपल्या वाचकांना सुनावते. त्याच पत्रात दुसरीकडे, उघड्यानागड्या आणि उपाशी बंधूला काही न देता केवळ 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' अशा शुभेच्छा देणाऱ्यांनाही खडसावले आहे. स्वार्थाने मागणे जसे व्यर्थ, तसे हात न सोडता दुसऱ्याचे भले चिंतणेही व्यर्थच, असा याचा अर्थ होतो.

<b>विधवा प्रोबाचा प्रश्न</b>

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी हा विचार उपासनेच्या रचनेतच बसवला. रोममध्ये राहणारा जस्टिन हा तत्त्वज्ञ इ. स. १५५ च्या सुमारास सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो. वाचन आणि उपदेश झाल्यावर सर्वजण उभे राहून सर्वांसाठी प्रार्थना करतात. त्यानंतर भाकर आणि द्राक्षारसाचा विधी होतो. आणि ज्यांना परवडते ते आपापल्या इच्छेनुसार दान देतात. ही रक्कम मंडळीच्या प्रमुखाकडे ठेवली जाई व त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले यांची सोय होई. प्रार्थना आणि दान हे एकाच बैठकीचे भाग होते. अशा प्रार्थनेत राजे व अधिकारी यांचाही समावेश असावा, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. तेव्हाची राजसत्ता रोमन होती आणि ख्रिस्ती लोकांवर तिची मर्जी नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूचनेचे वजन कळते.

पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांच्यापुढे हाच प्रश्न एका श्रीमंत विधवेने मांडला. प्रोबा ही रोममधील अत्यंत धनाढ्य घराण्यातील स्त्री. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटल्यानंतर ती उत्तर आफ्रिकेत आश्रयाला आली होती. प्रार्थना कशी करावी आणि काय मागावे, असे तिने विचारले. त्याला ऑगस्टीन यांनी सुमारे ४१२ मध्ये पाठवलेले दीर्घ उत्तर आजही प्रार्थनेवरील मूलभूत लेखनात गणले जाते. स्वतःचे आणि स्वकीयांचे आरोग्य, चरितार्थापुरते धन मागण्यात गैर नाही, असे ते म्हणतात. मात्र त्यापलीकडे, केवळ ऐश्वर्य वा सत्ता यांच्या हव्यासापोटी मागणे त्यांना मान्य नाही. त्यांची कसोटी सुटसुटीत आहे. योग्य रीतीने जे काही मागता येते ते सारे प्रभूच्या प्रार्थनेत आधीच आलेले आहे. त्यात कुठेही बसत नाही असे मागणे असेल तर ते तपासून पाहावे.

<b>ब्रिस्टलची अनाथालये</b>

ही कसोटी प्रत्यक्ष व्यवहारात, तीही हिशेबाच्या वहीसह लावून पाहणारा मनुष्य म्हणून जॉर्ज म्युलर यांचे नाव घ्यावे लागते. १८०५ मध्ये प्रशियात जन्मलेल्या म्युलर यांचे तारुण्य काही सज्जनपणात गेलेले नव्हते. वडिलांचे पैसे लांबवणे, खानावळीत राहून बिल न देता निघून जाणे असले उद्योग त्यांनी केले आणि सोळाव्या वर्षी तुरुंगाची हवाही खाल्ली. हाले येथील विद्यापीठात शिकताना त्यांचे मन पालटले. पुढे इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक झाल्यावर १८३० मध्ये त्यांनी ठराविक पगार घेणे बंद केले. हा पगार प्रार्थनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून येई, म्हणजे पैसेवाल्याला पुढची जागा आणि गरिबाला मागची. हे त्यांना रुचले नाही.

१८३६ च्या एप्रिलमध्ये ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर त्यांनी तीस मुलींसाठी पहिले अनाथालय सुरू केले. आई आणि वडील दोघेही नसलेल्या मुलांनाच तेथे प्रवेश होता. म्युलर यांचे नियम विलक्षण होते. कर्ज काढायचे नाही; कोणाकडे देणगी मागायची नाही; संस्थेची निकड बाहेरच्या कोणालाही कळू द्यायची नाही. गरज फक्त प्रार्थनेत सांगायची. पुढे ॲशली डाउन या टेकडीवर १८४९ ते १८७० या काळात एकामागून एक पाच इमारती उभ्या राहिल्या आणि २,०५० मुलांची सोय झाली. म्युलर यांच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुले या छपराखाली वाढली. त्यांच्या कार्यासाठी आलेल्या देणग्यांची रक्कम सुमारे पंधरा लाख पौंड इतकी भरते.

हे आकडे भक्तांच्या पुस्तकांतून नेहमी सांगितले जातात. त्याहून बोलका प्रसंग १८३८ मधला आहे. त्या वर्षी अनेक दिवस असे आले की, सकाळी पेटीत दुसऱ्या जेवणापुरतेही पैसे नसत. म्युलर यांनी तेव्हा अनाथालयातील सेवकांना एकत्र बोलावून खरी परिस्थिती सांगितली आणि सर्वांनी मिळून प्रार्थना सुरू केली. त्यांच्यातील एकाने आपल्याजवळ होते नव्हते ते पैसे आणून दिले. स्वतःजवळचे न देता मुलांसाठी देवाकडे मागणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. म्युलर यांनी ही गोष्ट आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या त्या सेवकाला याकोबाचे पत्र पुरते समजले होते, असेच म्हटले पाहिजे.

म्युलर यांच्या पद्धतीवर आक्षेपही घेता येतात. निकड कोणाला सांगत नाही म्हणायचे आणि दरवर्षी छापील अहवालात प्रार्थनेला मिळालेल्या उत्तरांचा वृत्तांत द्यायचा, ही एक प्रकारची जाहिरातच नव्हे काय? म्युलर यांना हे जाणवत नव्हते असे नाही. १८४१ च्या अखेरीस पैशांची चणचण असतानाच अहवाल प्रसिद्ध करण्याची वेळ आली, तेव्हा ती अप्रत्यक्ष याचना ठरू नये म्हणून त्यांनी अहवाल आणि त्यानिमित्तची सभा दोन्ही पुढे ढकलली. हेतूविषयी तर त्यांनी स्वतःच स्पष्ट लिहून ठेवले आहे. अनाथालय काढण्याचे त्यांचे पहिले कारण, देव आजही प्रार्थना ऐकतो हे लोकांना दिसावे आणि त्याचा गौरव व्हावा, हे होते. मुलांचे आत्मिक हित दुसरे आणि ऐहिक हित तिसरे. आजच्या समाजसेवेच्या कल्पनेला हा क्रम उलटा वाटेल. परंतु हेतू शुद्ध असल्याचा दावा करणाऱ्या कितीजणांनी आपल्या हेतूंची अशी क्रमवारी छापून दिली असेल? १८९८ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी म्युलर यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर दोनशे पौंडांहूनही कमी मालमत्ता निघाली. स्वतःच्या खर्चासाठी म्हणून लोकांनी दिलेल्या रकमांतून त्यांनी ८० हजारांहून अधिक पौंड वाटून टाकले होते.

<b>उघडे दार</b>

म्युलर यांच्या आत्मकथनाचा एक वाचक महाराष्ट्रात होता. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवेदनात म्युलर यांच्या पुस्तकाचा आणि चीनमधील मिशनच्या इतिहासाचा उल्लेख केला आहे. परदेशात असे घडत असेल, पण भारतात केवळ देवावर विसंबून काम चालेल काय, असा विचार त्या पुस्तकांनी त्यांच्या मनात आणला.

त्याआधी रमाबाईंची प्रार्थना हाच महाराष्ट्रात वादाचा विषय झाला होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले 'शारदा सदन' हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथे धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते व त्या भरवशावरच न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून सोबत होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि सदनातील काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने कडाडून टीका केली. आश्वासनाचा हा भंग आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. कोणाला जबरदस्तीने बसवले नाही आणि बसू इच्छिणारीला हाकलणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

हा वाद केवळ ऐतिहासिक म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. दार लावून घे, या सूचनेचे पालन झाले असते तर तो उद्भवलाच नसता, असे एखादा म्हणेल. रमाबाईंच्या बाजूने सांगायचे तर ते त्यांचे राहते घर होते आणि घरातील आश्रित मुलींना दाराबाहेर ठेवणे त्यांना निर्दयपणाचे वाटले. तरीही आश्रय देणारी बाई आणि आश्रित मुलगी यांच्यात बरोबरीचे नाते नसते, ही टीकाकारांची शंका निराधार म्हणता येत नाही. उदार हेतूने उघडे ठेवलेले दारही समोरच्याला ओढ लावते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. १८७४ मध्ये दुष्काळातील उपासमारीत त्यांनी स्वतःचे आई-वडील गमावले होते. त्यामुळे ही दृश्ये त्यांना परकी नव्हती. तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ति'ची वसाहत उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर ती आणखी वाढली आणि दोन हजारांच्या आसपास माणसे तेथे राहू लागली. अमेरिकेतील संघटनेने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन १८९८ मध्ये संपले होते. एवढ्यांच्या जेवणाची तजवीक रोज करायची होती. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना असे नाना उद्योग तेथे चालत. प्रार्थना आणि कष्ट यांत तेथे फारसे अंतर उरले नव्हते.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज विशेष प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. आरंभी सत्तर जणी पुढे आल्या. जूनच्या अखेरीपर्यंत ही संख्या ५५० वर गेली आणि दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. या मुली दुष्काळातून वाचलेल्या, बहुतेक निराधार. त्यांना मागायला सांगितले होते ते भारतातील सर्व ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या हृदयपालटासाठी, आणि 'आपल्यासह' हा शब्द त्यात मुद्दाम घातला होता. जून १९०५ मध्ये मुक्तिमध्ये जी भावनिक जागृती झाली, तिची नोंद जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात आवर्जून घेतली जाते. मोठ्याने रडणे, एकाच वेळी सर्वांनी प्रार्थना करणे हे प्रकार अनेक मिशनऱ्यांनाही पसंत पडले नाहीत. ५५० मुली दिवसातून दोन वेळा स्वतःसाठी काहीही न मागता बसत होत्या, ही गोष्ट मात्र या गदारोळात झाकली गेली.

<b>कोणाचे हित, कोणाच्या शब्दांत?</b>

दुसऱ्यासाठी प्रार्थना नेहमीच त्या दुसऱ्याला सुखावते असे नाही. कॅथलिक उपासनेतील गुड फ्रायडेची ज्यू लोकांसाठीची प्रार्थना हे याचे ठळक उदाहरण होय. त्या दिवशी चर्च अनेक गटांसाठी क्रमाने प्रार्थना करते. लॅटिनमधील जुन्या पाठात ज्यूंसाठी जे विशेषण होते त्याचा मूळ अर्थ 'श्रद्धा नसलेले' असा सांगितला जातो, पण ऐकणाऱ्याला ते 'विश्वासघातकी' असे वाटे. इतर प्रत्येक प्रार्थनेच्या वेळी लोक गुडघे टेकत. ज्यूंसाठीच्या प्रार्थनेला मात्र शेकडो वर्षे टेकत नसत. म्हणजे नावाला प्रार्थना आणि प्रत्यक्षात अवहेलना.

गुडघे टेकण्याची प्रथा १९५५ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ते विशेषण काढून टाकले. १९७० च्या नव्या प्रार्थनाग्रंथात पाठच बदलला; ज्यू लोकांनी देवाशी झालेल्या कराराशी एकनिष्ठ राहून पुढे जावे, असा आशय त्यात आला. जुन्या लॅटिन पद्धतीने उपासना करणाऱ्यांसाठी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००८ मध्ये नवा पाठ दिला, तेव्हा ज्यू संघटनांनी पुन्हा नाराजी व्यक्त केली. ज्याच्यासाठी मागायचे त्याला ते मागणे ऐकू गेले तर काय वाटेल, हा विचार प्रार्थनेच्या शब्दांत यायला युरोपातील ज्यूंच्या संहारानंतरचा काळ उजाडावा लागला, ही खेदाची बाब आहे.

<b>शत्रूचे नाव</b>

शत्रूंसाठी प्रार्थना करा, ही डोंगरावरील प्रवचनातील आज्ञा सर्वांत अवघड मानली जाते. येशूने वधस्तंभावर आपल्याला खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागितली आणि पहिला हुतात्मा स्तेफन यानेही दगडांचा वर्षाव होत असताना तेच केले, असा नव्या करारातील वृत्तांत आहे.

फ्रान्समधील लिझ्यू येथे राहणारी तेरेझा मार्टिन ही चौदा वर्षांची मुलगी १८८७ च्या उन्हाळ्यात आँरी प्रांझिनी या माणसासाठी प्रार्थना करू लागली. पॅरिसमध्ये दोन स्त्रिया आणि एका लहान मुलीचा खून केल्याबद्दल त्याला मृत्युदंड झाला होता. सगळा देश त्याचा धिक्कार करत होता आणि त्याने पश्चात्तापाचे कोणतेही चिन्ह दाखवले नव्हते. ३१ ऑगस्ट रोजी गिलोटिनखाली मान देण्यापूर्वी त्याने धर्मगुरूच्या हातातील क्रूसाचे चुंबन घेतले, हे तेरेझाने दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वाचले. पुढे मठवासी होऊन अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारलेली आणि नंतर संतपद लाभलेली हीच ती तेरेझा. प्रांझिनीला ती आपले पहिले 'मूल' म्हणत असे.

जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामूहिक जीवनावरील छोट्या पुस्तकात याची कारणमीमांसा केली आहे. एखाद्याने कितीही त्रास दिला असला तरी त्याच्यासाठी प्रार्थना करत असताना त्याचा द्वेष टिकवता येत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. बदलतो तो आधी प्रार्थना करणारा. हे लिहिणारे बॉनहॉफर पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेले, हे ठाऊक असल्यावर ही वाक्ये निव्वळ सुभाषिते वाटत नाहीत.

<b>मागणे आणि मोजणे</b>

या परंपरेच्या उलट दिशेने वाहणारा प्रवाहही ख्रिस्ती जगात जोरात आहे. अमेरिकेत २००० साली ब्रूस विल्किन्सन यांचे 'द प्रेयर ऑफ जाबेझ' हे छोटे पुस्तक आले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. जुन्या करारातील याबेस नावाच्या अल्पपरिचित माणसाने आपली सीमा वाढवावी अशी केलेली विनंती हा त्याचा आधार. सेवेच्या संधी वाढाव्यात या अर्थाने ती वाचावी, असे लेखकाचे म्हणणे असले तरी अनेक वाचकांनी ती घर, धंदा आणि बढतीसाठी वापरली. ऑगस्टीनची कसोटी येथे कामी आली असती.

दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना 'लागू पडते' का, हे मोजण्याचेही प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ मध्येच मुद्दा काढला होता की, चर्चमध्ये राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी सतत प्रार्थना होऊनही त्या घराण्यातील माणसे इतर सुखवस्तू लोकांपेक्षा कमी जगतात. २००६ मध्ये अमेरिकेतील सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, पण तशी खात्री ज्यांना दिली नव्हती, त्यांच्यापैकी ५२ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होते. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात मात्र ते ५९ टक्के निघाले. आपली प्रकृती प्रार्थना करावी लागण्याइतकी गंभीर आहे की काय, या धास्तीचा हा परिणाम असू शकेल, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. या अभ्यासातील प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे फक्त पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर देण्यात आले होते. रुग्णाच्या उशाशी बसणे, डबा पोचवणे, औषधांच्या बिलाला हातभार लावणे यांतले काहीही त्यात नव्हते.

<b>यादीतील क्रम</b>

कॅथलिक मिस्सामधून श्रद्धावंतांच्या सामुदायिक प्रार्थना अनेक शतके जवळपास लुप्त झाल्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात त्या पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. त्याच परिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकभाषा आली आणि वसईपासून अहमदनगरपर्यंतच्या (आताचे अहिल्यानगर) चर्चमधून या प्रार्थना मराठीत ऐकू येऊ लागल्या. त्या वाचण्याचे काम सामान्य स्त्री-पुरुषांकडेही आले.

या प्रार्थनांचा क्रम रोमच्या नियमावलीत नेमून दिलेला आहे. आधी चर्चच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि सर्व जगाचे कल्याण, त्यानंतर कोणत्याही अडचणीने गांजलेले लोक. स्थानिक मंडळीची, म्हणजे समोर बसलेल्या माणसांची स्वतःची पाळी सर्वांत शेवटी येते. ती संपली की लोक बाकांवर बसतात आणि दान गोळा करण्यास सुरुवात होते.